पितळेवरची रेघ

१

शनिवारी दुपारी काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुसायचं काम माझं असायचं. लग्न झालं त्या हिवाळ्यापासूनचं. घरामागे धुण्याची खोली आहे, तिथे हौदाशेजारी अलोइसचं टेबल. अलोइस माझा नवरा. शुक्रवारी गुरांचं आटपलं की तो टेबलाला बसवलेल्या दाबयंत्रावर पन्नास पुंगळ्या काढायचा. सैन्याच्या सरावाच्या मैदानावर वेचलेल्या, एकदा उडवून झालेल्या, जाड मानेच्या. एकेक लोकरीच्या चरबीत बोटाने माखायची, पोलादी साच्यात घालायची आणि दांडा ओढायचा. बाहेर येताना तिची मान बारीक होऊन यायची. मग सगळ्या एनॅमलच्या तसराळ्यात. शनिवारी मी खिडकीपाशी स्टुलावर बसून जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्याने त्यांची चरबी पुसायची, मान उजेडाकडे धरून चीर नाही ना बघायची, आणि पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात तोंड वर करून उभी करायची. तोवर तो चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतायचा.

पन्नास भोकं म्हणजे जपमाळेची पाच दशकं, दहा-दहा मण्यांची. एका पुंगळीला एक ‘नमो मरिये’. शिशातली घाण वर यावी म्हणून कढईत मेण टाकावं लागतं, ते मी देवळातून आणलेल्या मेणबत्त्यांच्या थोटकांचं द्यायची. त्यामुळे खोलीत देवळातली मिस्सेची उपासना संपल्यावर येतो तसा वास भरायचा. तू पुसलेली पुंगळी कधी फाटत नाही, असं अलोइस म्हणायचा. हिल्डा, माझी नणंद, म्हणायची की दुकानात डबाभर काडतुसं मिळत असताना हा माणूस ती घरी शिजवत बसतो आणि बायको तोंडी लावायला प्रार्थना वाढते.

पण अलोइसचं काडतूस दुकानात मिळत नाही. ते त्याने स्वतःच्या डोक्याने बेतलेलं. घळीच्या या कड्यावरून त्या कड्यावर गोळी सपाट जावी म्हणून पुंगळीची मान किती आवळायची, खांदा किती ताठ ठेवायचा, ही मापं त्याची. जगात त्या मापाच्या दोनच रायफली होत्या आणि दोन्ही त्यानेच केलेल्या.

त्या सप्टेंबरात एका शनिवारी, चौथ्या दशकात, माझं बोट एका पुंगळीवर थांबलं.

नुसत्या दाबून काढलेल्या पुंगळीचा खांदा उतरता, मऊ असतो, सोड्याच्या बाटलीसारखा. रायफलीत घालून पहिला बार काढला की पितळ आतून फुगून चेंबरच्या भिंतीला भिडतं. चेंबर म्हणजे नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ती जागा. तिचा जो आकार तोच पितळेचा होतो, कायमचा, आणि खांद्याला धार येते. माझ्या हातातल्या पुंगळीच्या खांद्याला धार होती. तिला चरबी नव्हती. आणि ती कोमट होती.

तसराळं चुलीजवळ होतं, म्हणून कोमट असेल. मी बाकीच्या चाचपल्या. त्या गार होत्या.

मग ती फिरवताना अंगठ्याचं नख खांद्याखालच्या एका उभ्या रेघेला अडलं, आणि माझी प्रार्थना अर्ध्यात राहिली.

२

ती रेघ मला माहीत होती. अलोइसच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, तिची ती खूण.

एकोणसाठ साली त्याने त्या दोन रायफली केल्या. एक स्वतःला, एक आमच्या कास्परला. चेंबर कोरायचं पातं एकच. दर दोन वेढ्यांनी ते बाहेर काढून पोलादाचा कीस पुसावा लागतो. कास्परची नळी कोरताना मी जेवायला हाक मारली आणि अलोइसने एकदा पुसायचं टाळलं. पात्याखाली किसाचा कण अडकला. चेंबरच्या भिंतीत केसाएवढा ओरखडा उठला, आणि तो काढायला म्हणून पातं थोडं आणखी आत गेलं, तरी ओरखडा गेला नाही. त्या चेंबरमधून निघणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तो उमटायचा.

अलोइस तीन दिवस जेवला नाही. नळी भंगारात टाकणार होता. कास्पर सतरा वर्षांचा होता. तो हसला आणि म्हणाला, “राहू दे पपा. निदान माझी पुंगळी कुठली ते मला कळेल.”

बासष्टच्या नोव्हेंबरात तो एल्क हरीण मारायला सॅमन नदीच्या घळीत उतरला. रस्त्याच्या कडेला त्याची गाडी सापडली. थर्मासात अर्धी कॉफी होती. बारा दिवस अख्खं गाव घळ चाळत होतं, मग बर्फ आला. रायफल नाही, टोपी नाही, काही नाही.

तेव्हा मी संत अँथनीला नवस बोलले. हरवलेलं शोधून देणारा संत तो. कास्पर सापडेपर्यंत दर मंगळवारी एक पाव भाजून गरजूच्या घरी पोचवीन. आणि तो सापडेपर्यंत त्याच्या नावाने मृतांची मिस्सा होऊ देणार नाही. पहिलं सोपं होतं. सहा वर्षांत एक मंगळवार चुकला नाही, ताप असतानाही नाही.

३

मी पुंगळी अलोइसच्या हातावर ठेवली. त्याने साचा खाली ठेवला, चष्मा पुसला, रेघ पाहिली. मग भिंतीवरची स्वतःची रायफल उतरवून ती पुंगळी आत सरकवली. चेंबर बंद करणाऱ्या बोल्टचा दांडा शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. त्याने तीनदा करून पाहिलं. त्याच्या चेंबरपेक्षा ती केसभर लांब होती. त्याच्या रायफलीतून ती निघालेली नव्हती.

“जुनी असेल,” तो म्हणाला. “बरणीत कुठे राहिली असेल, या ढिगात मिसळली.”

“असेल,” मी म्हणाले.

सैन्याच्या पुंगळीच्या बुडावर साल ठोकलेलं असतं, दोन आकडे. त्याने ती उलटी केली. ६७.

आम्ही दोघांनी ते वाचलं. कास्परला जाऊन तेव्हा पाच वर्षं व्हायला आली होती, तेव्हा कुठे कारखान्यात ते पितळ ओतलं गेलं. अलोइसने पुंगळी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. त्या रात्री जेवताना त्याने दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घातलं नाही.

मी मनाशी कारणं मांडली. कुणाला तरी कास्परची रायफल घळीत सापडली असेल. तो माणूस ती वापरत असेल. त्याच्या पुंगळ्या मैदानावर पडल्या असतील आणि तिथून वेचून आमच्याकडे आल्या असतील. कारण चांगलं होतं. पण त्या मापाचे साचे आमच्या टेबलावर सोडून कुठेच नव्हते, आणि अलोइसने शुक्रवारी प्रत्येक पुंगळीची मान स्वतःच्या हाताने आवळली होती. पन्नास काढल्या होत्या, पन्नासच होत्या.

पुढच्या शनिवारी दोन निघाल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी चार.

मला घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी त्या आठवड्यात स्वयंपाक करताना गुणगुणत होते.

४

हिल्डा सप्टेंबरच्या शेवटी आली ती हातात जांभळांच्या मुरंब्याची बरणी आणि तोंडात फादरांचा निरोप घेऊन. दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, दहाच्या मिस्सेत कास्परचं नाव घ्यायचं फादरांच्या मनात होतं. सहा वर्षं झाली, आता आई-बापांनी मन घट्ट करावं, असं ते म्हणाले होते म्हणे.

मी नवसाचं सांगितलं. तिला तो तोंडपाठ होता.

“सहा वर्षं पाव खातोय तुझा संत,” हिल्डा म्हणाली. “एवढ्यात त्याने अख्ख्या जिल्ह्याच्या हरवलेल्या किल्ल्या शोधून दिल्या असत्या.”

मी हसले. हिल्डाचा राग करता येत नाही. कास्पर गेला तेव्हा बारा दिवस माझ्या केसांतून कंगवा तिनेच फिरवला होता. पण ती हसत नव्हती. तिने बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं आणि मग ती म्हणाली,

“तो गेला असेल, ओटिली, तर त्याला मिस्सा लागते. मिस्सेवाचून आत्मा कुठे जाणार? दारात उभा राहतो नुसता. तुझ्या हट्टापायी पोर तिकडे तिष्ठत असेल, याचा कधी विचार केलास?”

मी केला नव्हता. सहा वर्षं मी फक्त तो जिवंत असल्याचाच विचार केला होता. जिवंत असेल तर मिस्सा म्हणजे त्याच्यावर मीच माती लोटणं. आणि नसेल तर माझा नवसच त्याची वाट अडवून बसलेला. दोन्हींतलं एक करायला माझ्यापाशी पाच आठवडे होते.

मी हिल्डाला विचार करून सांगते म्हणाले. पुंगळ्यांचं बोलले नाही.

५

धुण्याच्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीत खाली सरपणाचा झरोका आहे. पलीकडे लाकडांची शेड. शेडमधून लाकूड आत ढकलायचं, बर्फात बाहेर जावं लागू नये म्हणून. वीतभर उंचीची फळी, चामड्याच्या पट्टीवर लोंबणारी. एका रविवारी मिस्सेहून आल्यावर मी चुलीला लाकडं घ्यायला वाकले, तर झरोक्याच्या उंबऱ्यावर दहा काडतुसं ओळीने मांडलेली. भरलेली, टोकाला अलोइसने ओतलेल्या शिशाच्या गोळ्या, वर मेणाचा हात फिरवलेला.

अलोइस माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा.

“त्याच्याकडे चाळीसच होती,” तो म्हणाला. “सहा वर्षं कशी पुरतील?”

मी म्हणाले, “तो असेल तर घरात का येत नाही?”

“येईल. रानात राहून माणूस बुजरा होतो. आधी खायला लागेल ना त्याला. हरीण मारायला लागेल.”

सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस, एकसष्टाव्या वर्षी, मला ते पटवून देत होता. मी मंगळवारचा एक पाव जास्त भाजला आणि फडक्यात गुंडाळून त्या काडतुसांच्या शेजारी ठेवला.

काडतुसं दुसऱ्या दिवशी गेली. पाव तिथेच राहिला. आमच्या शेडमध्ये उंदीर इतके की साबणसुद्धा उरत नाही. तो पाव आठवडाभर तिथे होता, आणि त्याला एकही दात लागला नाही.

आठवडाभर मी बाराचा ठोका ऐकावा तसा बार ऐकायचा प्रयत्न करत होते. आमचं पठार सपाट आहे, तीन मैलांवर कुणी बार काढला तर कोंबड्या मान वर करतात. कोंबड्यांनी मान वर केली नाही. फक्त दोनदा, कपडे पिळताना, झरोक्यापलीकडून आवाज आला. लाकूड घसरल्याचा नव्हता. फ्लॅनेलने पितळ पुसल्याचा होता. सावकाश, एकाच जागी.

६

शनिवारी तसराळ्यात दहाच्या दहा परत आल्या होत्या. गोळी नाही, दारू नाही, खांदे ताठ. अलोइसने पहिली उचलली तेव्हा त्याचे ओठ हलत होते, बहुधा आभार मानत होता. मग त्याने बूड पाहिलं आणि तो स्टुलावर बसला.

बुडाच्या मध्यभागी तांब्याची बारीक टोपी असते. रायफलीच्या पिनने तिला टोचलं की बार उडतो, आणि टोपीवर खळगा राहतो. या दहाही टोप्या गुळगुळीत होत्या. कुणी बार काढलाच नव्हता. बार न काढता पितळ फुगलं होतं. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो, आणि चुलीवरचं शिसं थिजून गेलं.

“रेघ बघ,” शेवटी अलोइस म्हणाला.

रेघ होती. पण खांद्याखाली नव्हती, वर सरकून मानेला लागली होती. एकीवर दोन रेघा होत्या. एकीवर रेघ आडवी होती, अंगठीसारखी. त्याने मापाचा चिमटा काढला आणि एकेक मोजली. कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या. एकीची मान किंचित कललेली. अशी कललेली मान पोलादाच्या चेंबरमधून बाहेरच येणार नाही, आत अडकेल, असं त्याने मला हाताने करून दाखवलं. चाळीस वर्षं हे काम करणारा माणूस, आणि आता माझ्याकडे पाहत होता, मी काही सांगेन म्हणून.

मला एकच सुचत होतं. लहानपणी कास्पर शाळेत पाठ केलेली कविता घरी म्हणायचा. पहिल्या दिवशी बिनचूक. आठवड्याने ओळी मागेपुढे. महिन्याने नुसती चाल उरायची आणि त्यात तो स्वतःचे शब्द घालायचा, आणि माझ्या तोंडाकडे बघायचा, बरोबर आहे का म्हणून.

अलोइसने दाबयंत्र पुसलं आणि पुढच्या पन्नास काढायला घेतल्या.

७

त्याच्या पुढच्या शनिवारी ज्या वेगळ्या निघाल्या, त्यांना खांदा नव्हता. मानही नव्हती. पितळ चेपलं होतं, एका अंगाला चार खळगे, दुसऱ्या अंगाला एक. मी न ठरवता एक मुठीत धरली आणि माझी बोटं त्या खळग्यांत गेली. सैल गेली. माझ्यापेक्षा मोठ्या हाताने ती धरली होती.

मला कास्परच्या हाताचं माप माहीत होतं. त्याचे हातमोजे मीच विणायची. मी ती पुंगळी ओठांना लावली आणि परत ठेवली. अलोइस बघत होता. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी खूप हळू आवाजात बोलत होतो, घरात कुणी आजारी असल्यासारखं.

पुढच्या शनिवारचे खळगे माझ्या बोटांना घट्ट झाले.

त्याच्या पुढच्या शनिवारी माझी बोटं त्यात मावेनात. करंगळीचं टोक तेवढं गेलं. तसराळ्यात तशा सतरा होत्या, सगळ्या कोमट.

अलोइसने भिंतीवरून रायफल उतरवली. तिला तेल दिलं, बोल्ट उघडा ठेवला. ती तो झरोक्यापलीकडे, शेडमध्ये ठेवणार होता. त्याच पात्याने कोरलेलं चेंबर आहे, तो म्हणाला. त्याने आत बोट घालून पाहिलं की त्याला सगळं आठवेल. तो विसरत चाललाय, ओटिली, दर आठवड्याला थोडा थोडा विसरत चाललाय, आणि आपण नुसतं बघत बसलोय.

मी दारात उभी राहिले. लग्नाच्या एकतीस वर्षांत मी त्याची वाट कधी अडवली नव्हती.

“आठवून तो काय करील?” मी विचारलं.

“घरी येईल.”

“काय होऊन येईल, अलोइस?”

त्याने रायफल छातीशी धरली होती, मूल धरावं तशी. मी त्याला म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय, कारण ते बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मी म्हणाले, “आपण दर आठवड्याला त्याच्यापुढे कोरं पितळ ठेवतो आणि तो दर आठवड्याला परीक्षा देतो. आपल्यासाठी देतो. त्याला जमत नाही तरी देतो. दमलाय तो. त्याला विसरू दे.”

“आणि तुझा नवस?”

“सापडेपर्यंत, असा बोलले होते. तो सापडलाय. कुठे आहे ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.”

अलोइस रडला. मी त्याला सहा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. रायफल त्याने परत खुंटीवर लावली, आणि त्या शुक्रवारी दाबयंत्राला हात लावला नाही. मी हिल्डाला फोन केला आणि फादरांना कळव म्हणाले. मग मिस्सेनंतर जेवायला तिच्याकडेच या, एवढं म्हणाली, सॉसेज आणि आंबवलेली कोबी करते, कास्परला आवडायची तशी.

मला त्या रात्री शांत झोप लागली. देव चांगला आहे, असं मला अजूनही वाटतं. फक्त तो घाई करत नाही.

८

दोन नोव्हेंबरला सकाळी दव गोठलं होतं. अलोइस कोट घालून गाडी गरम करायला गेला. मी टोपी लावली, जपमाळ पिशवीत टाकली, आणि चुलीतला विस्तव झाकायला म्हणून धुण्याच्या खोलीत गेले.

तसराळं रिकामं होतं. टेबल पुसलेलं होतं. झरोक्याची फळी हलत होती, अगदी थोडी, कुणी पलीकडून टेकून श्वास घ्यावा तशी.

मी गुडघे टेकले. चांगल्या कपड्यांवर राख लागेल, हे मनात आलं, आणि मग नाही आलं. मी फळीजवळ तोंड नेलं आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. सांगितलं की आज दहाला तुझ्यासाठी मिस्सा आहे. पपांनी आणि मी मिळून ठरवलंय. तुला आता काही आठवायला नको. रेघ कुठे होती तेही नको, आम्ही कोण तेही नको. आम्ही लक्षात ठेवू, ते आमचं काम. तू जा.

फळी थांबली.

तो पाळण्यात असताना झोपेपर्यंत मी बोट द्यायची. हे मी आठवून केलं नाही, हातानेच केलं. फळीखालच्या फटीतून मी उजव्या हाताचं बोट पलीकडे सरकवलं. तिकडे गारठा होता, ओल्या सालीचा वास होता. मग बोटाला काहीतरी लागलं. कोमट. नुकत्याच उडालेल्या पितळेसारखं कोमट. ते बोटाभोवती एकेक करून वळलं आणि त्याने धरलं. चार महिन्यांचं मूल धरतं तसं, सगळा जीव लावून.

मी हलले नाही. मला भीती वाटली का, असं नंतर हिल्डाने एकदा मला विचारलं, काही माहीत नसताना, मिस्सेबद्दल. मी नाही म्हणाले. ते खरं होतं असं मला वाटतं.

बाहेर हॉर्न वाजला. दहाला वीस मिनिटं होती.

“आता सोड, राजा,” मी म्हणाले.

त्याने सोडलं नाही. झोपलेल्या मुलाचं बोट ओढून काढायचं नसतं, ते दचकतं. हळूच एकेक उलगडायचं. मी दुसरा हात फटीतून आत घातला आणि चाचपून त्याचं पहिलं बोट सोडवलं. भाताच्या शितापेक्षा मोठं नख नव्हतं त्याला. मग दुसरं. तिसरं. प्रत्येकाला एक ‘नमो मरिये’ म्हटलं. चौथं. अंगठा. पाच झाली, आणि पकड तेवढीच घट्ट होती.

किती असतात, तेही तो विसरला होता.

मी घाई केली नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून आवाजही बदलू दिला नाही. अलोइसने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा मी अकरावं सोडवत होते.